गावभर कळतं, ठाण्यात सोडून : वाडीच्या सुरक्षेतल्या या चुका टाळा

गणपतीचं विसर्जन आटोपलं की चार दिवसांत कोकणातली वाडी रिकामी होते. चाकरमानी मुंबईच्या गाड्यांत बसतात, घरांना कुलपं लागतात आणि मागे उरतात ती साठी ओलांडलेली माणसं, कुत्री आणि राखणदार, म्हणजे वाडी राखणारं दैवत. राखणदाराला नारळ देऊन गाऱ्हाणं घातलेलं असतं हे खरं, पण कडीकोयंडा उचकटला तर पंचनाम्याला तो येत नाही.

ग्रामसुरक्षा दलाबरोबर रात्रीच्या फेऱ्या मारताना एक गोष्ट ध्यानात आली. गावात माहितीची टंचाई कधीच नसते. अनोळखी गाडी कुठे थांबली, कोणाच्या बागेत नवे गडी आले, कोणाचं मागचं दार नुसत्या काठीवर टेकलंय, सगळं कळतं. फक्त ज्याला आधी कळायला हवं, त्याला सगळ्यात शेवटी कळतं.

‘सकाळी बघू’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. शेजारच्या बंद घराची कौलं वाजली, आजीने ऐकली, पण ‘मांजर असेल’ म्हणून कूस बदलली. सकाळी दार उघडं दिसलं, मग अख्खी वाडी माजघरातून फिरून आली. कोणी कपाट बंद केलं, कोणी फोटो काढून ग्रुपवर टाकले, आणि एका भल्या बाईने फुटलेली कौलं झाडून खळ्याच्या कडेला लावली. घरमालकाला मुंबईत लोकलमध्ये फोटो दिसला. पोलीस आले तेव्हा ठसे घ्यायला उरलं काय? आमची पावलं.

आवाज आला तर तेव्हाच 112 हा तातडीच्या मदतीचा नंबर लावा. मांजर निघालं तर निघालं, त्याबद्दल कोणी तुम्हाला अटक करत नाही. चोरी झालेली दिसली तर उंबऱ्याच्या आत जाऊ नका. एकाने पुढे थांबावं, एकाने मागल्या दारी, आणि पोलीस पाटलांना हाक मारावी. 1967 च्या ग्रामपोलीस कायद्याने नेमलेला तो माणूस लग्नपत्रिकेत नाव छापायला नाही, ठाण्याला पहिली खबर द्यायलाच आहे.

कॅमेरा असला तरी बघून घ्या. डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या डब्याचं घड्याळ चुकलेलं असतं, काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवं चढतं, आणि पावसात लाईट गेली की सगळंच बंद. बहुतेकांचा डीव्हीआर टीव्हीखाली असतो. चोर टीव्हीबरोबर तोही नेतो.

‘मुरुडहून बोलतोय’

कुठल्या मुरुडहून? रत्नागिरीतल्या दापोलीच्या की रायगडातल्या जंजिऱ्याच्या? घाबरलेला माणूस एवढंच बोलून फोन ठेवतो आणि मग रेंज जाते. जिल्हा, तालुका, गाव, वाडी आणि गाडी जिथपर्यंत येते ती खूण, याच क्रमाने सांगा. पुढे पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट असेल तर कोणीतरी बॅटरी घेऊन डांबरी रस्त्यावर उभं राहा. ‘देवळाच्या वरच्या अंगाला’ हे तुम्हाला कळतं, बदलून आलेल्या हवालदाराला नाही.

‘धरलाच आहे, दोन देऊ’

पकडलेला माणूस चोर आहे हे ठरवायचं काम वाडीचं नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं. 16 एप्रिल 2020 ला पालघरच्या गडचिंचल्यात चोरांच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. पालघर कोकणातच आहे, लांब नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक-तपासाच्या कायद्याच्या) कलम 40 नुसार डोळ्यांदेखत अजामीनपात्र (जामीन हक्काने न मिळणारा) आणि दखलपात्र (वॉरंटशिवाय अटक होऊ शकणारा) गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूस धरू शकतो. पण विनाकारण उशीर न करता, फार तर सहा तासांत त्याला पोलिसांच्या हवाली करायचं. बांधून ठेवायचं आणि व्हिडिओ काढायचा, असं त्यात कुठेही नाही.

आंब्याच्या बागेतले नेपाळी गुरखे, ट्रॉलरवरचे खलाशी, यांच्याकडेही याच नजरेने पाहिलं जातं. वर्षभर त्यांच्या जिवावर बागा राखायच्या आणि एक सायकल गेली की त्यांचीच झडती! त्यापेक्षा कामावर ठेवतानाच ओळखपत्राची प्रत आणि फोटो ठाण्यात द्या. त्यात मालकाचंही भलं आहे आणि गड्याचंही. होम-स्टेवाल्यांनी परदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन भरायची असते, हेही इथेच सांगून टाकतो.

‘किनाऱ्यावर सापडलं, घरी ठेवलंय’

ऑगस्ट 2023 मध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली. त्याच्या आदल्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला बेवारस बोटीत तीन एके-47 सापडल्या. 1993 च्या मुंबई स्फोटांचं आरडीएक्स रायगडातल्या शेखाडीला उतरलं, ते तर सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही वाहून आलेला खोका दिसला की पहिला हात घालायची हौस सुटत नाही. अमली पदार्थ नुसते घरात सापडले तरी गुन्हा लागतो, ‘मला काय ठाऊक’ म्हणून सुटका होत नाही. हात लावू नका, लांब थांबा, 1093 या सागरी सुरक्षेच्या नंबरवर कळवा. पाण्यात बोट अडचणीत असेल तर तटरक्षक दलाचा 1554. आणि जाळं टाकायला गेलेला कोणी ‘तिकडे अनोळखी होडी होती’ म्हणाला, तर ते पारावर चघळू नका.

‘साक्षीला खेटे कोण घालणार?’

ही भीती खरी आहे, म्हणूनच लोक तोंड उघडत नाहीत. पण जबाबासाठी ठाण्यातच जावं लागतं हा समज सोडा. संहितेच्या कलम 179 प्रमाणे स्त्रिया, 15 वर्षांखालची मुलं, 60 वर्षांवरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी माणसांचा जबाब त्यांच्या घरी येऊनच घ्यायचा असतो. रिकाम्या वाडीत उरतात तेच हे लोक!

हद्द आमची नाही, असं ठाण्याने सांगितलं तर शांतपणे शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न बघता गुन्हा नोंदवायला सांगा. ऑनलाइन कळवलं असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करा, एफआयआरची प्रत फुकट मिळते. घेतच नसतील तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. फोनवरून पैसे गेले असतील तर यातलं काहीही करण्याआधी सायबर फसवणुकीचा 1930 लावा.

पुढच्या गणपतीत घरं उघडी असतील तेव्हा एवढं करा. प्रत्येक चाकरमान्याचा नंबर, किल्ली कोणाकडे आहे ते, आणि घर कधीपासून बंद राहणार ती तारीख, हे सगळं एका वहीत उतरवून पोलीस पाटलांकडे द्या. वही म्हणतोय, ग्रुप नाही. ‘आम्ही निघालो’चे स्टेशनवरचे फोटो ज्या ग्रुपवर पडतात, तिथे कोण कोण आहे हे ॲडमिनलाही सांगता येत नाही.