कादंबरी सुचवताना पहिल्या पानाचा फोटो पाठवा

‘मस्त आहे, वाचच’ एवढ्यावर कुणी कादंबरी हातात घेत नाही. मुखपृष्ठाच्या फोटोवरून भाषा कळत नाही, आणि वाचक अडतो तो बहुतेक वेळा भाषेपाशीच.

१. समोरच्याला आधी विचारा: शेवटची पूर्ण वाचलेली कादंबरी कुठली? आणि अर्धी सोडलेली? दुसरं उत्तर जास्त कामाचं.
२. मग एकच नाव सांगा. दहा नावांची यादी तशीच पडून राहते.
३. कथा सुरू होते त्या पानाचा फोटो पाठवा. ‘बनगरवाडी’चं माणदेशी वातावरण आवडेल का, हे वाचणारा स्वतःच ठरवतो.
४. सोबत लेखक, प्रकाशक आणि साधारण पानं लिहा. वाचनालयात किंवा दुकानात पुस्तक मागताना तेवढं पुरतं. बऱ्याच दिवसांनी वाचायला बसणाऱ्याला जाड ‘मृत्युंजय’पेक्षा आटोपशीर ‘रणांगण’ आधी द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

मलपृष्ठाचा फोटो मात्र टाळा, तिथे कधीकधी अर्धं कथानक सांगून टाकलेलं असतं.