थंडीत कुंडीतले कंद कसे सांभाळायचे
कुंडीतल्या मुळांना जमिनीतल्यांपेक्षा जास्त थंडी लागते कारण ती चारी बाजूंनी आत शिरते, म्हणून झाडाला नाही तर कुंडीला गुंडाळा, बबल रॅप किंवा जुनं गोणपाट दोन-तीन वेढे, आणि सगळ्या कुंड्या भिंतीला चिकटून दाटीवाटीने ठेवा, छोट्या मधोमध. पण खरं सांगू का, कंद बरेचदा थंडीपेक्षा ओलीनेच जातात, दाबल्यावर पिचपिचीत लागला की गेला समजा. त्यामुळे खालची ताटली काढा, कुंडीखाली विटेचे तुकडे ठेवा, भोकं मोकळी हवीत. ट्युलिप, डॅफोडिल मात्र हीटरजवळ आणू नका हं, त्यांना फुलायला 12-16 आठवडे गारवा लागतोच. पाणी? माती गोठलेली नसेल आणि अगदी कोरडी वाटली तरच, थोडंसं.