कमी पळालेली जुनी मोटरसायकल घ्यायचीय? आधी ती उभी कशी होती ते बघा

"15 वर्षं जुनी, पण फक्त 11 हजार किलोमीटर" असं कोणी स्टेटसला टाकलं की आमच्याकडं लोकं सरळ टोकन द्यायला पळतात. थांबा जरा. पळून झिजणं वेगळं अन् उभं राहून सडणं वेगळं, त्यात मराठवाड्यातलं ऊन, धूळ आणि वर पत्र्याचं शेड म्हटल्यावर रबराचं काही खरं नाही. म्हणून मीटर नंतर, आधी विचारा की गाडी कुठं उभी होती, किती वर्षं, आणि मधे कोणी चालू करत होतं का.

अशा गाड्या जाहिरातीत कमी अन् ओळखीत जास्त सापडतात. रिटायर गुरुजी, बँकेतले साहेब, किंवा पोरगं पुण्याला कंपनीत लागलं अन् गाडी पडवीतच राहिली, असली घरं. तालुक्याच्या एखाद्या जुन्या गॅरेजवाल्याला सांगून ठेवा, कोणाची गाडी कुठं धूळ खायलीय ते त्याला बरोबर माहीत असतंय. जूनमधे पेरणीच्या तोंडावर बी-खताला पैसे लागतात म्हणून काहीजण गाडी विकायला काढतात, तेव्हा भाव कमी होतो, पण समोरच्याची नड बघून लई ताणू नका राव, गावात परत तोंड दाखवायचं असतंय.

आता मीटर खरं का खोटं. बऱ्याच जुन्या गाड्यांना मीटरची केबल पुढच्या चाकातून येते, ती काढून ठेवली की गाडी पळत राहते अन् आकडा जागेवर. मग पुरावा दुसरीकडं शोधायचा. ब्रेक पॅडलचं रबर, फूटरेस्ट, मुठी चाचपून बघा, 11 हजारात ते गुळगुळीत होत नाहीत. सगळ्यात भारी पुरावा टायर. टायरच्या अंगावर लांबट चौकटीत चार आकडे असतात, 3410 असलं तर 2010 सालचा 34 वा आठवडा. आरसी 2010 ची, टायर पण 2010 चे अन् नक्षी अजून शाबूत, म्हणजे मालक बहुतेक खरं बोलायलाय. टायर 2016 चे निघाले तर पहिले टायर कुठं झिजले ते विचारा. आणि यामाहाची आरएक्स 100 भारतात 1985 ते 1996 एवढीच बनली, ती कोणी "ओरिजिनल 14 हजार किलोमीटर" म्हणून दाखवली तर आधी हसून घ्या, मग तपासा.

बघायला सकाळी लवकर जा. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा, गरम लागलं तर आधीच चालू करून ठेवलीय, चहा घ्या, गार होऊ द्या. चोकवर चालू होऊन चोक काढला की बंद पडत असेल तर कार्बोरेटरचा जेट चिकटलाय, ते साफ होतं, घाबरू नका. पण (आरएक्स 100 सारखी टू-स्ट्रोक सोडून) गरम झाल्यावरही निळा धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय, भाव तिथंच पाडा. टाकीत मोबाईलचा टॉर्च मारून गंज बघा, सीट उघडून वायरिंग उंदरांनी कुरतडलंय का बघा, पुढच्या शॉकअपच्या नळीला ऑइलचा ओघळ बघा. वर्षानुवर्षं बंद असलेल्या गाडीला मात्र जाऊन धाडकन किक मारू नका. प्लग काढून त्या भोकात चार थेंब ऑइल सोडा, थोडा वेळ जाऊ द्या, मग किक हातानं हळूहळू दाबा.

कागदं. चेसी नंबर अन् इंजिन नंबर आरसीशी स्वतः डोळ्यानं जुळवा, एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका, चलान थकलेत का बघा. मालकी बदलायच्या फॉर्म 29 अन् 30 वर सह्या घेऊन कपाटात ठेवणारे लई आहेत, तसं करू नका, ट्रान्सफर लगेच करा. मूळ मालक वारले असतील तर वारसांकडून फॉर्म 31 लागतो, भावाभावांचं पटत नसेल तर त्या गाडीच्या नादीच लागू नका. लोन होतं का, असेल तर बोजा उतरलाय का. 15 वर्षं झाली की नोंदणी रिन्यू करायची, पर्यावरण कर भरायचा, हा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात टायर-ट्यूब, बॅटरी, ऑइल, प्लग, ब्रेक शू, पेट्रोलचा पाईप, सगळं बदला. टायरची नक्षी कितीही चांगली दिसू द्या, 13-14 वर्षांचं रबर कडक झालेलं असतंय अन् पहिल्या पावसात घसरतंय. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, ते पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. तीनचारशे किलोमीटरला ऑइल परत बदला, आत साचलेली घाण निघते.

मग फिरा की! संभाजीनगरवाल्यांनी दौलताबादचा घाट चढून खुलताबाद, वेरूळ, जमलं तर म्हैसमाळ. बीडकडच्यांनी मांजरसुंब्याहून कपिलधार, लातूरवाल्यांनी औसा करून खरोसा. 50-55 च्या पुढं पिळायची गरज नाही, तिथंच या गाड्या गोड चालतात. घाट उतरताना गिअरमधेच उतरा, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचा शहाणपणा ड्रम ब्रेकच्या गाडीवर नको. मे महिन्यात दुपारी बाराच्या आत घरी.

घरी आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करा अन् गाडी मधल्या स्टँडवर लावा. महिनाभर बाहेरगावी जायचं असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो अन् आल्यावर पहिल्या दोनचार किकमधे गाडी चालू होते.