नागपूर ते लंडन: प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

नागपूर आणि लंडनचे हीथ्रो या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७,५०० किलोमीटर असून त्याला ताशी ८५० किलोमीटर वेगाने भागल्यास जेमतेम नऊ तास येतात. मात्र वाटेत मुंबई, दिल्ली किंवा दोहा येथे विमान बदलावे लागत असल्याने या आकड्यावर विसंबून राहू नये. तिकिटावरील वेळा स्थानिक असतात आणि लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच, तर उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. त्यामुळे जानेवारीत मुंबईहून दुपारी १ वाजता निघून संध्याकाळी ६ वाजता पोहोचणारे विमान पाच नव्हे, साडेदहा तास उडते. परतीचे उड्डाण पश्चिमेकडून वाहणाऱ्या उंचावरील वाऱ्यांमुळे बहुधा लवकर आटोपते.