निवासी फेलोशिप आखताना: तीन आठवडे केंद्रात, पाच आठवडे गावात

ग्रामीण तरुणांना सामाजिक उद्योग शिकवायची फेलोशिप सुरू करताना सलग सहा महिन्यांचा निवास ठेवू नका. मुलं केंद्रात रमतात, सादरीकरणं देखणी होतात आणि गावाशी असलेला संबंध सुटतो. तीन आठवडे केंद्रात आणि पाच आठवडे गावात, अशी चार आवर्तनं ठेवा. म्हणजे एकूण 32 आठवडे.

विदर्भातल्या भातपट्ट्यात सुरुवात नोव्हेंबरअखेरीस करावी. तोवर धान कापून झालेलं असतं. दुसरी गावफेरी, म्हणजे गावातले पाच आठवडे, फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे चिंच-मोहफुलांच्या हंगामात येते आणि जूनपासून पेरणी-रोवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत सगळे आपोआप घरी असतात. जूनमध्ये वर्ग सुरू केले तर रोवणीला घरून बोलावणं येतं, आणि गळती तिथूनच लागते.

सोळा जण आणि दोन मार्गदर्शक पुरेत. निवडीत निबंधावर विसंबू नका, कारण चांगलं लिहिणारा पटकन निवडला जातो. दोन दिवसांचं शिबिर घ्या आणि प्रत्येकाला आठवडी बाजारात पाठवून एकाच मालाचे तीन विक्रेत्यांकडचे भाव आणायला सांगा. तिथं कोण बोलतं, कोण नुसतं उभं राहतं, हे लगेच कळतं. होकार देण्याआधी घरी जाऊन आईवडिलांशी बोला. मुलींच्या घरी तर जायलाच हवं. निवासाची खोली, न्हाणीघराची कडी, रात्री कोण सोबत असतं, हे प्रश्न ते विचारणारच. उत्तरं तयार नसतील तर चांगल्या मुली हातच्या जातात.

पहिल्या निवासात भाषणं कमी आणि हिशेब जास्त. चिंचेचं उदाहरण घ्या. शेंगेची चिंच 30 रुपये किलोने घेऊन गर 100 रुपयांना विकला की 70 रुपये नफा, असं बहुतेक जण मांडतात. मग प्रत्यक्ष 100 किलो चिंच आणा, फोडा, तोला. कवच आणि चिंचोके गेले की गर साधारण 55 किलो उरतो. खराब माल काढला की विकण्याजोगा 50 धरा. माल 3,000 रुपयांचा. चिंच फोडायला समजा एका मजुराचे आठ दिवस लागले आणि दिवसाचे 300 रुपये, तर मजुरी 2,400. एकूण 5,400, म्हणजे गर 108 रुपये किलोला पडला, आणि पिशवी-वाहतूक अजून धरलेलीच नाही. घरच्या बायांची मजुरी शून्य धरून उद्योग नफ्यात दाखवणं ही सर्वांत घातक सवय आहे. ती इथंच मोडा. हाच हिशेब चिंचोके विकून मिळणारे पैसे धरून पुन्हा करायला लावा.

पहिल्या गावफेरीला प्रत्येकी 5,000 रुपये द्या, कर्ज म्हणून नव्हे, प्रयोगासाठी. अट एकच: रोजची रोकड वही, पावतीसह. बुडाले तरी चालतील, पण का बुडाले ते वहीत दिसलं पाहिजे. परतल्यावर पहिले दोन दिवस फक्त या वह्या एकमेकांनी तपासायच्या.

नोंदणीची घाई अनेकांना असते. पैसे देणारे गिऱ्हाईक मिळण्याआधी कंपनी काढू नये. हिशेबतपासणीचा खर्च विक्री नसली तरी सुरूच राहतो. पुढे उत्पादकांची मालकी हवी असेल तर उत्पादक कंपनी काढता येते, त्यासाठी किमान दहा उत्पादक लागतात. देणग्यांवर चालणारं काम असेल तर कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची, ना-नफा कंपनी किंवा धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला न्यास. कलम 8 मध्ये नफा सभासदांत वाटता येत नाही, हे आधीच नीट समजावा.

विद्यावेतन शेवटच्या दिवशी एकदम बंद केलं की मुलं महिनाभरात नोकरी शोधायला लागतात. तिसऱ्या आवर्तनापासून ते टप्प्याटप्प्याने कमी करा आणि तेवढी रक्कम भांडवलाकडे वळवा. तेही पहिल्या वहीचा हिशेब जुळल्यावरच.