ग्रुपमधल्या तीन आयटी खात्यांचं एक खातं करताना

चाकणला सुटे भाग, वाळूजला प्रेस शॉप आणि गोव्यात वेर्ण्याला पॅकेजिंग, असा तीन कंपन्यांचा ग्रुप धरून चालू. तिन्हीकडे वेगळा आयटी मॅनेजर, वेगळी सर्व्हर रूम, वेगळं ईआरपी (खरेदी, स्टोअर्स, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर). सगळं एका शेअर्ड सर्व्हिसेस कंपनीत (तिघींनाही सेवा देणाऱ्या ग्रुपच्याच कंपनीत) आणायचं ठरलं की बहुतेक जण सर्व्हरपासून सुरुवात करतात आणि वर्षभरात अडकतात. बिल कोणी कोणाला कसं लावायचं आणि दोन प्लांट एकाच वेळी ओरडले तर आधी कुठे धावायचं, हे ठरलेलंच नसतं. म्हणून क्रम असा ठेवा: हिशेब, माणसं, हेल्पडेस्क, नेटवर्क, मेल. ईआरपी सगळ्यात शेवटी.

हिशेब

तिन्ही कंपन्यांचं गेल्या १२ महिन्यांचं लेजर घ्या. फक्त ‘आयटी’ या खात्यावर विसंबू नका. प्रिंटरचं भाडं ॲडमिनमध्ये सापडेल, सीसीटीव्हीची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) सिक्युरिटीत, बारकोड स्कॅनर स्टोअर्सच्या कन्झ्युमेबल्समध्ये. प्रत्येक करारापुढे तीन गोष्टी लिहा: कोणाच्या नावावर आहे, कधी संपतो, आपोआप रिन्यू होऊ नये म्हणून किती दिवस आधी कळवावं लागतं. लायसन्स एका कंपनीच्या नावावर असेल तर दुसरीला वापरता येतं का, हे करारात वाचूनच ठरवा.

पॅन वेगळा म्हणजे कायद्याने व्यक्ती वेगळी. संबंधित कंपनीला सेवा फुकट दिली तरी जीएसटी लागतो, त्यामुळे ‘घरचंच आहे’ म्हणून बिल टाळता येत नाही. दर १८ टक्के. सेवा कंपनी महाराष्ट्रात असेल तर चाकण आणि वाळूजला केंद्राचा ९ अधिक राज्याचा ९, वेर्ण्याला आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा एकत्र कर). तिघांनाही भरलेल्या जीएसटीचं पूर्ण क्रेडिट (स्वतःच्या करातून वजावट) मिळत असेल तर प्रश्न फक्त रोख फिरण्याचा. पण ग्रुपमध्ये हॉस्पिटल किंवा शाळेचा ट्रस्ट असेल तर त्यांची मुख्य सेवा करमुक्त, म्हणून क्रेडिट नाही. तिथे हे १८ टक्के निव्वळ खर्चात जातात. बचतीचा आकडा संचालकांसमोर ठेवण्याआधी ते वजा करा. वित्त कंपनी असेल तर रिझर्व्ह बँकेचे आयटी आउटसोर्सिंगचे निर्देश लागू होतात का ते पाहा; ग्रुपमधल्याच कंपनीकडून घेतलेली सेवाही त्यात मोजली जाते.

पहिल्या वर्षी प्रत्येकाने गेल्या वर्षी जेवढा खर्च केला तेवढीच रक्कम लावा. दुसऱ्या वर्षी युजर आणि सर्व्हर मोजून. तिकिटामागे (हेल्पडेस्कला नोंदवलेल्या प्रत्येक तक्रारीमागे) पैसे कधीच लावू नका. सुपरवायझर तिकीट टाकणं बंद करतात, जुन्या ओळखीच्या माणसाला व्हॉट्सॲप करतात, आणि तुमचे आकडे उगाच सुंदर दिसू लागतात.

माणसं

बदलीच्या पत्रात सेवा सलग धरली जाईल, शिल्लक रजा पुढे येईल आणि पीएफ त्याच यूएएनवर चालेल, हे स्पष्ट लिहा. ग्रॅच्युइटीची शंका राहिली की अनुभवी माणूस आधी निघतो. तीन मॅनेजरपैकी कोणाकडे काय, हे पहिल्याच दिवशी जाहीर करा.

घोषणेच्या आधी पासवर्ड ताब्यात घ्या: डोमेन ॲडमिन, फायरवॉल, इंटरनेट कंपनीचं पोर्टल आणि मुख्य म्हणजे डोमेन नाव (वेबसाइट आणि मेलच्या पत्त्यातलं कंपनीचं नाव) जिथे नोंदवलंय ते खातं. हे हमखास कोणाच्या तरी खासगी जीमेलवर निघतं.

प्लांटवरचा माणूस मात्र हलवू नका. खर्च वाचवायला सगळ्यांना पुण्यात बसवणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक.

हेल्पडेस्क

एक नंबर, तिन्ही शिफ्ट. ‘अति तातडीचं’ याची व्याख्या एकाच ओळीत करा: डिस्पॅच किंवा लाइन थांबली. रात्री पावणेबाराला ट्रक भरून गेटवर उभा आहे, ई-इनव्हॉइसचा आयआरएन (सरकारी पोर्टलकडून मिळणारा बिलाचा नंबर) येत नाही, ड्रायव्हर केबिनच्या काचेवर टकटक करतोय. अशा वेळी फोन १५ मिनिटांत योग्य माणसापर्यंत पोचलाच पाहिजे. एमडींचा लॅपटॉप या व्याख्येत बसत नाही. हे एमडींकडूनच लिहून घ्या. प्रत्येक प्लांटवर एक लेबल प्रिंटर, एक जादा प्रिंट हेड, दोन स्कॅनर आणि कॉन्फिगर केलेला एक नेटवर्क स्विच कपाटात ठेवा.

नेटवर्क

तिन्हीकडे नेटवर्कचे पत्ते १९२.१६८.१.० हेच असणार, हे धरूनच चाला. ते आपसात भिडू नयेत म्हणून चाकणला १०.१०, वाळूजला १०.२०, वेर्ण्याला १०.३० अशी मालिका द्या. ऑफिसचे पीसी डीएचसीपीने (पत्ता आपोआप देणारी सोय) एका दिवसात बदलतात. घोडं अडतं ते मशिनवर. एचएमआयच्या (मशिनवरचा स्क्रीन) प्रोग्रॅममध्ये पीएलसीचा (मशिन चालवणारा कंट्रोलर) पत्ता पक्का लिहिलेला असतो आणि प्रोग्रॅम मशिनवाल्याकडे. तिथे हट्ट न करता नॅट (आतला पत्ता तोच ठेवून बाहेर वेगळा दाखवणारी सोय) लावा. दोन इंटरनेट कंपन्यांच्या लाइन घेतल्या तरी दोन्ही फायबर एकाच चरातून येत नाहीत ना, हे स्वतः चालत जाऊन पाहा. जेसीबीला दोन्ही सारख्याच.

मेल

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये एक डोमेन एका वेळी एकाच टेनंटला (मायक्रोसॉफ्टकडचं कंपनीचं खातं) जोडता येतं. म्हणजे जुन्यातून काढून नव्यात लावेपर्यंत मधला वेळ जाणारच. ४८ तास आधी एमएक्सचा (मेल कुठे पोचवायची ते सांगणारी नोंद) टीटीएल (ती नोंद इतरांनी किती वेळ जपायची) ३०० सेकंदांवर आणा. जुन्या टेनंटमधल्या युजर, ग्रुप, उपनावं सगळ्यांतून डोमेन निघाल्याशिवाय ते सुटत नाही. सोमवारी सकाळी तक्रार येते की ‘जुन्या मेलला रिप्लाय केला तर परत येतोय’. कारण आउटलुक आतला जुना एक्स-५०० पत्ता वापरतं. तो नव्या मेलबॉक्सला उपपत्ता म्हणून जोडा. झेरॉक्स मशिनचं स्कॅन-टू-मेल आणि ईआरपीतून जाणारे पीओ वेगळे तपासा, ते गुपचूप बंद पडतात.

सगळी खाती एकत्र आली की एका ठिकाणची घुसखोरी तिन्हीकडे पोचते. ॲडमिन खाती प्लांटनुसार वेगळी ठेवा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. कोणत्या कंपनीतर्फे कोण कळवणार, त्याचं नाव करारातच घाला.

तारखा आणि ईआरपी

पुणे पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, बाकीकडे रविवारी. म्हणून एकच ‘बिग बँग’ नको, प्लांट एकेक करून. महिन्याचा पहिला आठवडा पगार आणि टीडीएसचा, ११ आणि २० तारीख जीएसटीची. मार्चला हात लावू नका. दिवाळीचं शटडाउन ईआरपीसाठी राखून ठेवा.

हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात, आणि १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला एडिट लॉग (कोणती नोंद कधी बदलली याचा माग) सक्तीचा आहे. एक्सेलमध्ये काढलेल्या डेटाबरोबर तो लॉग येत नाही. म्हणून जुनं ईआरपी व्हर्च्युअल मशिनमध्ये (सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटर), फक्त वाचता येईल असं, लायसन्ससकट ठेवा आणि वर्षातून एकदा बॅकअपमधून उभं करून एखादं जुनं व्हाउचर उघडून बघा.