कैरोची अरबी बोलताना या चुका टाळा

‘राष्ट्र’, ‘वस्त्र’ न अडखळता म्हणणाऱ्यांना जोडाक्षरांचं काय भय? कैरोच्या बोलीत हीच सवय नडते.

तिथे तीन व्यंजनं लागोपाठ चालत नाहीत. ‘बिन्त’ म्हणजे मुलगी, ‘दी’ म्हणजे ही, ‘इल्-’ म्हणजे इंग्रजीतला ‘द’ (the). पण जोडून बोलताना ‘इल्-बिन्त् दी’ म्हणू नका. ‘इल्-बिन्ति दी’ म्हणा. हा ‘इ’ लिहीत नाहीत, नुसता ऐकू येतो, आणि तो दुसऱ्या व्यंजनानंतरच येतो. ‘उल्त’ (मी म्हणालो) अधिक ‘लु’ (त्याला) म्हणजे ‘उल्तिलु’. बगदादमध्ये तोच स्वर एक घर आधी बसतो: ‘गिल्त’ अधिक ‘ला’ म्हणजे ‘गिलितला’. दोन्हीकडचे व्हिडिओ एकदम पाहून शिकणाऱ्यांचा इथेच गोंधळ होतो. शब्दाच्या सुरुवातीला तर दोन व्यंजनंही नकोत. प्लास्टिकचंसुद्धा ‘बिलास्तिक’ होतं. मोरोक्कोत ‘क्ताब’ म्हणतात, कैरोत ‘किताब’.

दुसरी चूक माझ्या मते जास्त महागात पडते, आणि तिला आपली मराठीच जबाबदार आहे. सराफ, दलाल, हमाल, दुकान हे शब्द अरबीत ‘सर्राफ’, ‘दल्लाल’, ‘हम्माल’, ‘दुक्कान’. आपल्याकडे येईपर्यंत त्यांचं द्वित्व, म्हणजे अक्षराचा दुहेरी उच्चार, गळालं. ‘हमामखान्या’तला हमामही मूळचा ‘हम्माम’. कैरोत ‘हम्माम कुठे आहे’ विचारलंत तर न्हाणीघर दाखवतील. ‘हमाम’ म्हणालात तर कबुतरं! ‘पक्का’ म्हणताना ‘क्क’वर जेवढं थांबता, तेवढंच ‘म्म’वर थांबा. सुतार ‘नग्गार’, भट्टीवाला ‘फर्रान’: धंद्याच्या नावांत मधलं अक्षर बहुधा असं दुहेरी असतं.

दीर्घ स्वरापुढे दोन व्यंजनं आली की तो ऱ्हस्व होतो. ‘साहिब’ म्हणजे मित्र, पण माझी मैत्रीण ‘सह्बिती’. ‘साह्बिती’ ओढून म्हटलं की परकेपणा लगेच कळतो.

राहिला अरबीतला जाड ‘त’, साध्या ‘त’हून वेगळा. त्याच्या जागी आपण ‘ट’ वापरतो, तो चुकतो, कारण ‘ट’ला जीभ मागे वळते. जिभेचं टोक दातांपाशीच ठेवा, मागचा भाग उचला, म्हणजे पुढचा स्वरही जडसर होईल. साध्या ‘त’चं ‘तीन’ म्हणजे अंजीर, जाड ‘त’चं म्हणजे चिखल. फळवाल्यापुढे उभं राहण्याआधी हा सराव झालेला बरा.